आधी कोण?

प्रिय उदय,

आशीर्वाद हायच, पण आधी माझा वैताग ऐकून घे. सात महिने झाले, बाप साताऱ्यात आणि लेक माझ्याकडं इस्लामपुरात. तू म्हणतोस, तिनं चूक कबूल केली की मी येतो. समीक्षा म्हणती, पप्पा आले की मी बोलते. सूनबाई राजेश्वरी तर दोघांचे निरोप पोचवून दमली. फोनवर माझ्याशी आता ऊस कसा हाय एवढंच बोलती बिचारी.

तू लावून दिलेली कुपवाडची नोकरी तिनं सोडली, ह्याचा तुला राग. घरात बसून कॉम्प्युटर बडवती म्हणतोस. आरं, ती काय करती ते एकदा बघ तरी! लिनक्स म्हणून कॉम्प्युटर चालवणारं हाय काहीतरी, जगभरची माणसं मिळून बांधत्यात, कुणीबी घ्यावं आणि वापरावं. त्यात हजारो पॅकेजं, म्हंजे प्रोग्रामांचे गठ्ठे, ती बांधून एकमेकांशी जुळवायची हे हिचं काम. माझी शाळा चौथीपर्यंत, पण विचारून विचारून तिचं डोकं खाल्लं तवा एवढं कळलं. परवा दुपारी चहा घेऊन गेले तर पोरगी रडकुंडीला आलेली. दोन पॅकेजं अडून बसलेली. एक पडद्यावर अक्षराचा आकार काढतं, दुसरं काना, मात्रा, जोडाक्षरं जागच्या जागी बसवतं. पहिलं बांधायला घ्यावं तर ते म्हणतंय, आधी दुसरं आण. दुसरं घ्यावं तर ते म्हणतंय, पहिलं कुठाय? चार दिवस हाच खेळ. मी म्हटलं, ह्यांचं आडनाव विचार गं, आपल्याच घरातली दिसत्यात. हसली न्हाई. चहा गार झाला, तो मीच प्यायले.

काल मात्र सुटलं! पहिल्याचा जेवढा भाग दुसऱ्यावाचून अडत होता, तेवढा तिनं बंद ठेवला आणि ते तसंच अर्धंमुर्धं बांधलं. त्याच्या जोरावर दुसरं बांधलं. मग पहिलं नव्यानं घेऊन सगळ्या भागांसकट पुरं केलं. अर्ध्याचं काय केलंस म्हटलं, तर म्हणाली, टाकलं आजी, त्याचं काम झालं. मला लय आनंद झाला. शेजारच्या दादासोला बोलावून सगळं सांगितलं. त्याला ओ की ठो कळलं न्हाई, पण साखर खाऊन गेला.

मग मी तिला तिथंच धरलं. कॉम्प्युटरचं कळतं आणि बापाचं कळत न्हाई व्हय? तीबी तुझ्याच वळणाची, तोंड फिरवून कॉम्प्युटर बडवायला लागली. आणि तू रं? पलटणीत एवढी माणसं सांभाळलीस आणि एका लेकीपुढं अडलास! कावले बघ मी दोघांना. चूक कुणाची ते मागनं ठरवा. ती कबुली आणि तो तुझा मान, दोन्ही घरी ठेव आणि रविवारी नुसता जेवायला ये. बोलू नका पाहिजे तर. ताटं एका ओळीला मांडते, एवढंच.

माझी बोटं आता पेन धरत न्हाईत, तुला ठाऊक हाय. दादासोकडनं लिहून घेणार होते, तर ही म्हणाली, मी लिहिते. अक्षर तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील. तिला हेकट म्हटलं तेबी लिही म्हटलं, तर तेवढं तिनं गाळलं. पण आत्ता वाचून दाखवलं तवा कळलं, मी नुसतं 'ये' म्हटलं होतं. रविवार तिनं घातलाय.

तुझीच,
आई