एकच बिछाना

नवागाम, सुरत
ता. ४ फेब्रुवारी १९६८

सोमाच्या बाबांना आनंदीचा जयभीम. आम्ही खुशाल आहोत, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

तुम्ही लिहिता, हुकूम झाला म्हणून रशियात पाणबुडी घ्यायला आलो. खोटं. शेजारच्या छगनचा मेहुणा नेव्हीत आहे. तो म्हणाला, पाणबुडीत कोणाला ढकलत नाहीत, आपण होऊन नाव द्यावं लागतं. पोरगं सात महिन्यांचं, आन् तुम्ही आपण होऊन नाव दिलं! लोखंडाची नळी, ती मुद्दाम बुडवायची, बुडली की साहेब खूश. काय पण अक्कल!

सोमाच्या तोंडावर गोधडी आली तरी मला तुम्ही गुदमरलेले दिसता. लोभ ठेवा म्हणत नाही. पाणबुडीतनं नाव काढून घ्या.

आनंदी

रशिया
ता. ११ मार्च १९६८

आनंदीस नागनाथचा जयभीम, सोमाला पापा.

खोटं बोललो, चुकलो. पण ऐक. जुन्या जहाजावर चार वर्षं मी जेवायला बसलो की शेजारची ताटं सरकायची. इथं गोदीत आपली बोट बांधून झालीय, आम्ही आतच राहून एकेक नळ पाठ करतो. जागा एवढी कमी की दोघांत एकच बिछाना. मी पाळीवर गेलो की तिवारी, उत्तरेकडचा बामण, माझ्याच उबेत झोपतो. चादर झटकत नाही.

भिऊ नको. पलीकडे अणूवर चालणारी बांधतात, पोटात रॉकेटं, दोन-दोन महिने वर येत नाही म्हणे. आपली डिझेलची, तिला श्वासाला वर यावंच लागतं. पावसाळ्याआधी बोट घेऊन येतो, मग महिनाभर सुट्टी. तेव्हाही नको म्हणालीस तर नाव काढीन.

राग असू दे, पत्र बंद करू नको.

नागनाथ

नवागाम, सुरत
ता. १९ एप्रिल १९६८

सोमाच्या बाबांना जयभीम. पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या रडल्या. मी नाही.

श्वासाला वर येते, ही काय फुशारकी? म्हैस बी येते. आन् ती दोन महिने आत राहणारी ज्यानं काढली, त्याला बायकापोरं नसतील.

तिवारीचं म्हणाल तर पाण्याखाली कोण बघतंय? इथं समोरच्या भाईदासची बायको माझ्यामागून नळाची तोटी धुते, मगच घागर लावते. सुट्टीला तिवारीला घेऊन या. नळाला पाणी यायच्या वेळी, आपल्या दारात बसून, माझ्या हातची भाकर-बेसन खाऊ दे. सगळ्या बायांनी बघितलं पाहिजे. खाल्लं तर नाव राहू द्या, मी जीव मुठीत धरून राहीन. नाही खाल्लं तर त्याच दिवशी काढायचं.

सोमाला दात आला. माझा राग आहे तिथंच आहे.

पाहुणा आहे म्हणून तिखट कमी घालणार नाही.

आनंदी