गेल्या सालचं पाणी

हैदराबाद,
भाद्रपद वद्य नवमी, शके १८६८

तीर्थस्वरूप कारभारीदाजी यांच्या चरणी भुजंगाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे ठीक. सौ. उषाचा खोकला कमी आहे. तुमच्याकडे कापूस बोंडावर आला असेल. पांढऱ्या बैलाचा खूर बरा झाला का, ते कळवलं नाहीत.

आज अविधवा नवमी. उषानं आक्काच्या नावानं शेजारची सवाष्ण जेवू घातली. मी दफ्तरातून मुद्दाम लवकर आलो, पण मला पंगतीला बसवेना. आईमागं जिनं मला भरवलं, तिच्या नावाचं पान पाहणं जमेना.

तुमचं पत्र येऊन महिना झाला. त्यात तुम्ही लिहिलंत, “मीच म्हणलो तिला, कशाला मळ्यापातुर हेलपाटे घालतीस, बारवंचं आण. मीच मारली तिला.” दाजी, तुम्ही असं का म्हणालात ते मला ठाऊक आहे. माझ्या पत्रावरून म्हणालात. ते पत्र कसं लिहिलं गेलं, ते आज सांगतो.

दोन उन्हाळ्यांमागं मी नारूच्या पाहणीसाठी आलो होतो, आठवतं ना? कलकत्त्याहून आकड्यांचं शास्त्र नुकतं शिकून आलो होतो आणि जमिनीवर पाय नव्हते. नारूचा जंत पायाच्या जखमेतून पाण्यात उतरतो आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात जातो, हे डॉक्टर सांगतातच. पण पायऱ्यांच्या बारवा किती गावांत, आणि खर्च करायला पैसा किती! म्हणून आधी कोणत्या बुजवायच्या ते ठरवायचं होतं. माणसाचं वय, काम, घर किती लांब, पाणी कुठलं, असे रकाने भरून आणायचे आणि आकडेमोडीच्या यंत्रावर समीकरण मांडायचं. प्रत्येक रकान्याबद्दल आधी धरून चालायचं की याचा नारूशी काही संबंध नाही. आकड्यांनी ते खोटं पाडलं तर रकाना ठेवायचा, नाहीतर काढून टाकायचा.

त्याच साली बारवेचं पाणी हिरवं झालं म्हणून वरच्या आळीतली तीस घरं मळ्यातल्या मोटेच्या विहिरीवर जायला लागली होती. मी विचारलं, पाणी कुठलं पिता? त्या घरची माणसं म्हणाली, मळ्यातलं. आणि त्यांच्याही पायांतून नारू निघालेले. मी तसंच लिहून घेतलं.

संध्याकाळी आक्का चुलीपुढं होती. म्हणाली, “भुजंगा, औंदा काय पेले ते काय इचारतूस? गेल्या साली काय पेले ते इचार. नारू सालभर अंगात ऱ्हातो.” मग तिनं मला चुलीमागची भिंत दाखवली. एकेका घराची एकेक ओळ. ज्या साली बारवेचं पाणी त्या साली गेरूचा ठिपका, मळ्यातलं असेल तर चुन्याचा. नारू निघाला की खाली काजळाची रेघ. तीन वर्षांचं सगळं तिथं होतं.

मी हसलो, दाजी. तिला बरं वाटावं म्हणून पाहणीच्या छापील नमुन्याच्या पाठीवर ते ठिपके उतरवून घेतले आणि कागद बॅगेत टाकला. छापील नमुन्यात गेल्या सालचा रकाना नाही, हे मी तिला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. अडाणी बहिणीच्या भिंतीवरचे ठिपके साहेबांपुढं ठेवायची मला लाज वाटली.

यंत्रानं सांगितलं, बारव आणि मळा यांतला एवढा फरक नुसत्या योगायोगानंही तीनात एकदा येतो. मी विहिरीचा रकाना काढला. आपली बारव बुजवायच्या यादीतून गेली. संबंध सापडला नाही म्हणजे संबंध नाही असं होत नाही, हे मला कलकत्त्यात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. तरी तुम्हाला मी लिहिलं, “विहिरीचा काही संबंध नाही, आक्काला उगीच लांब पाठवू नका.” तुम्ही माझं ऐकलंत. तिनंही ऐकलं.

गेल्या महिन्यात ठिपक्यांचा तो कागद शोधून काढला. गेल्या सालच्या पाण्याचा रकाना घालून समीकरण पुन्हा मांडलं. वय, काम, अंतर, एकही टिकलं नाही. एकच रकाना उरला. असा फरक योगायोगानं हजारात एकदाही येत नाही.

आणखी एक राहिलं. दहाव्याला मी चुलीपासून उठून बाहेर गेलो, तेव्हा तुम्हाला वाटलं मला रडू आवरेना. मी भिंत पाहिली होती. शेवटची ओळ तुमच्या घराची. आधी सगळे चुन्याचे ठिपके, आणि गेल्या सालचा गेरूचा. त्याखाली काजळाची रेघ. म्हणजे घोट्यातून नारू निघाला तेव्हा, त्या जखमेतून धनुर्वात होऊन ती जायच्या आधी, ती लंगडत भिंतीपाशी गेली आणि स्वतःची रेघ ओढून आली. मला मात्र एका अक्षरानं दोष दिला नाही. तिनं बोलून दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

परवा बारवेच्या पायऱ्या बुजवून वर रहाट बसवायचा कागद साहेबांपुढं ठेवला, ठिपके जोडून. त्यांनी विचारलं, हे कुणी जमवलं? म्हणालो, माझ्या बहिणीनं. तिला लिहिता येतं? म्हणालो, नाही. त्यांनी कागद परत दिला नाही. आणखी काय होईल ते मला सांगता येत नाही.

घटस्थापनेच्या आधी तुम्ही घराला पांढऱ्या मातीचा पोतारा द्याल. चुलीमागची तेवढी भिंत सोडा. आणि बारवेचं पाणी आजपासून बंद करा, कितीही हेलपाटे पडोत. चुलीपाशी वाटीत तिचा चुना असेल. तुमच्या ओळीत यंदाचा ठिपका लावा, दाजी, चुन्याचा.

आक्कानं बोटांवर मोजायला शिकवलेला,
भुजंग