छकुलीचा डावा कान

ती. आईस,
थोरलीचा नमस्कार. बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नकोस.

परवा छकुलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ती आजारी नाही, आधीच सांगते. इथे धडधाकट मुलांनाही बोलावतात. हे कुरकुरले, "ताप नाही, खोकला नाही, मग दवाखाना कशाला?" तूही हेच म्हणाली असतीस. मी तरी काय, वजन वाढलंय हे ऐकून खूश व्हायलाच गेले होते.

बाई विचारत होत्या आणि मी पाहुण्यांना सांगावं तसं कौतुक सांगत होते. पोर गुणी आहे, उजव्या कुशीवर झोपली की ढोल वाजवले तरी उठत नाही. ते ऐकून बाई तिच्या मागे गेल्या, तिचा उजवा कान दाबला आणि हळूच म्हणाल्या, "चेंडू हवा?" पोर ढिम्म. मग डावा दाबून तेच विचारलं, तर हिने लगेच हात पुढे केला.

डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय म्हणे. बहुतेक मुलांचं आपोआप ओसरतं, काही महिन्यांनी पुन्हा बघतील. काळजी करू नकोस. मीही करत नाही. दूध तेवढं दोनदा उतू गेलं.

नात फोनवर बोलत नाही म्हणून तू रुसतेस ना? मी तिला डाव्या कडेवर घेते, त्यामुळे फोन नेहमी तिच्या डाव्याच कानाला लागतो. रविवारी उजव्या कानाला लावीन. तू नेहमीसारखीच हाक मार.

तुझी,
थोरली