रिलीज बारा आणि लंबगोल टाकी

१४ ऑक्टोबर १९९४, दसरा
आज मुहूर्तावर कॉम्प्युटरमध्ये ड्रॉइंगचं नवं सॉफ्टवेअर घातलं. रिलीज बारा. कारखान्याच्या शॉपमध्ये सगळे लेथला झेंडू वाहत होते, मी प्लॉटरची पूजा केली. शेवटी कागदावर पेनाने रेघ ओढणारा तोच. कुंदाने घरून कुंकवात भिजवलेल्या अक्षता दिल्या होत्या. बायको असावी तर अशी. मोकळ्या हाताने टाकल्या.

जुनं सॉफ्टवेअर पुसून टाकलं. माणसाने मागे बघू नये. मालक ताराचंद सेठना सांगितलं, आता ट्रेसिंगला माणूस नको. हाताने ड्रॉइंग उतरवणाऱ्या ट्रेसर मालिनीबाई तिथेच होत्या. ऐकलं असावं. दिवाळीनंतर त्या घरी आणि मी डिझाइन मॅनेजर. बदलापूरच्या ब्लॉकच्या दारावर तशी पाटी लावायची.

१५ ऑक्टोबर
तळोज्याच्या औषध कंपनीच्या टाकीचं ड्रॉइंग काढलं. टाकी वरून गोल असते. आमची लंबगोल आली. स्क्रीनवर गोलच आहे, म्हणजे माझी चूक नाही. सेठनी विचारलं, साईं, ये टंकी है के अंडा.

१७ ऑक्टोबर, सकाळी
केबल बदलली. अंडं. पेनं बदलली. अंडंच, पण ठळक. मॅन्युअल वाचायचं ठरवलं. रोज दहा पानं.

दुपारी
मॅन्युअल फारच इंग्रजीत आहे. उद्यापासून.

१८ ऑक्टोबर
रिलीज बाराला कोणाची तरी नजर लागली आहे. कारखान्यात जळणारे कमी नाहीत. सकाळी अंबरनाथला शिवमंदिरात जाऊन अंगारा आणला. प्लॉटरवर पुन्हा अक्षता टाकल्या. या वेळी झाकण उघडून, थेट आत. वरवरची पूजा मला पटत नाही.

२० ऑक्टोबर
अंड्याला आता कोपरा आला. सॉफ्टवेअर बिघडत चाललं आहे. डीलरला फोन केला. त्याने विचारलं, प्लॉटर आतून स्वच्छ आहे ना. म्हटलं, अहो, पूजेतला आहे. म्हणाला, इंजिनिअर पाठवतो. यांना सरळ उत्तर दिलं की हे असं होतं.

मालिनीबाई म्हणाल्या, साहेब, मी हाताने काढून देऊ का. म्हटलं, बाई, जग कुठे चाललंय. शिवाय त्यांचं ड्रॉइंग टेबल मीच कँटीनला देऊन टाकलंय. त्यावर कांदे चिरतात.

२२ ऑक्टोबर
सेठ कॅम्प चारच्या घरून येतात ते तापूनच येतात. आज केबिनमध्ये बोलावलं. मंगळवारी औषध कंपनीचे साहेब येणार. ड्रॉइंग पास नाही झालं तर ऑर्डर गई, और साथ में तू भी.

खरंच भीती वाटते आहे. कुंदाला सांगितलं नाही. तिने पाटी रंगवायला टाकली आहे.

२५ ऑक्टोबर, मंगळवार
साहेब आले. मी म्हटलं, कागद जरा तिरका धरून बघा, गोल दिसते. त्यांनी धरला. मग टेबलावर ठेवला. चहा न घेता गेले. ऑर्डर गेली.

दुपारी डीलरचा इंजिनिअर उगवला. कागद ओढणाऱ्या रोलरला चिकटलेले लाल तांदूळ चिमट्याने काढत बसला. कागद तिथे घसरायचा म्हणे. सॉफ्टवेअरला काहीही झालेलं नाही. मी म्हटलं, उंदरांनी नेऊन ठेवले असतील. मालिनीबाई म्हणाल्या, आमच्याकडचे उंदीर कुंकू लावून नेत नाहीत. सेठ हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

२७ ऑक्टोबर
टेबल कँटीनमधून परत आलं. कांद्याचा वास येतो, पण मालिनीबाई त्यावर बसून कामाला लागल्या. मी महिनाअखेरपर्यंत आहे. पाटी तयार झाली, कुंदाने ती पेपरात गुंडाळून घरी आणली. अजून तिला काही बोललो नाही.

सेठनी जाता जाता एक काम सांगितलं. एकच कागद, मोठ्या इंग्रजी अक्षरांत: प्लॉटर फॉर सेल. काढून दिला. दोन्ही ओ अगदी गोल आले.