बारा तारांची गिटार कोणाकडे जावी

मी, उर्मिला हेमंत कळंबे, वय बावन्न, राहणार पांढुर्णा, शिक्षण सहावी पास, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकिलांनी नमुना दिला होता. त्यात पहिल्याच ओळीत 'शुद्ध मनाने' असं आहे. ते मी लिहिणार नाही. का ते पुढे वाचाल तर कळेल. डोकं ठिकाणावर आहे, कोणी काही पाजलेलं नाही, कोणी दटावलेलं नाही, एवढं मात्र खरं. पुढच्या महिन्यात नागपूरला माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरू नका. घाबरत नाही, पण घर आवरून जाते.

१. पांढुर्ण्याचं दोन खोल्यांचं घर मुलगा कुलदीप याला. तो नागपूरला नोकरीवर आहे, त्याला हे घर नको आहे, तो विकेल. विकावं. फक्त मागच्या भिंतीला आतून ओल आहे, ती घेणाऱ्याला आधी सांगावी. वरून चुना मारून विकू नये. ऑपरेशन करून बँकेत काही उरलं तर तेही त्यालाच.

२. माझी गळ्यातली पोत कुलदीपच्या बायकोला. ती अजून यायची आहे. कोणीही आली तरी तिलाच.

३. शिलाई मशीन शेजारीण प्रतिभा हिला. तिनं माझी मोठी कात्री नेली, सात वर्षं झाली, आणली नाही. आता मशीनही तिथंच जाऊ द्या, कात्रीजवळ.

४. आता गिटार. खरं तर हा कागद तिच्यासाठीच आहे.

बारा तारांची, लाईटवर चालणारी, लालसर, एका कोपऱ्याचा रंग उडालेला. ही माझा धाकटा भाऊ योगेश कवडू बोडखे, राहणार सावरगाव, याची. नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून त्यानं जुनी घेतली होती. साध्या गिटारीला सहा तारा असतात. हिच्यात प्रत्येक तारेशेजारी जोडीची तार. एक छेडली की दोन वाजतात, म्हणून वाजवणारा एकटा असला तरी खोलीत दोघं बसल्यासारखं वाटतं. योगेश लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. माझ्या लग्नाआधी त्यानं मला ओसरीवर बसवून शिकवली. मी म्हटलं, "बाईमाणसाच्या गळ्यात हे शोभते का बे?" तो म्हणाला, "तू वाजव ताई. शोभाचं मंग पाहू."

तो गेल्यावर बाबांनी ती मागच्या खोलीत कापसाच्या ढिगात टाकली. मी उचलून आणली. बावीस वर्षं माझ्याकडे आहे आणि बावीस वर्षं मी वाजवते.

ही गिटार माझे दीर गुणवंता कळंबे यांची मुलगी हिमानी, वय एकोणीस, हिला द्यावी. कुलदीपला नाही. कुलदीप घरी आला की तिच्यावर टॉवेल वाळवतो. त्या घरचं कोणी आमच्याकडे येत नाही, आम्ही जात नाही, पण ही पोरगी मागच्या दारानं येते. पहिल्या दिवशी विचारलं, "मोठी आई, हे वाजते का नुसतंच लटकते?" आता माझ्यापेक्षा बरं वाजवते. तोंडावर मी तसं म्हटलेलं नाही.

५. हिमानी, हे तुझ्यासाठी. सूर एक घर खालीच ठेव. वर चढवलीस तर बारा तारांच्या ताणानं दांडी वाकेल. बारीक तारा शेवटी चढव आणि तोंड बाजूला ठेव. एक तुटून माझ्या भिवईला लागली होती. सूर लावायला वेळ लागतो. लोकं म्हणतील आटप. आटपायचं नाही. मी आयुष्यात धीर धरला तो इथंच.

आणि वाजवत नसशील तेव्हा तारांमधून कापड ओवून ठेव. कारण खोलीत कोणी मोठ्यानं हाक मारली की ती ओ देते. वायर काढलेली असते, कोणाचा हात नसतो, तरी. योगेश गेल्यावर दोन महिन्यांनी मी कुलदीपला जेवायला हाक मारली आणि भिंतीवरून बारीक आवाज आला. माझी हाक संपली, आवाज चालूच राहिला. पेटी शिकवणारे सर म्हणाले, "त्यात काही नाही हो, तुमच्या आवाजात जो सूर असते त्या सुराची तार आपोआप हलते." असेल. शास्त्र खरं असेल. पण रस्त्यावर ट्रक हॉर्न देतात तेव्हा ती गप्प राहते. तेव्हापासून मी घरात कोणाला हाक मारत नाही, ताट वाजवते. लोकं म्हणायचे उर्मिलाला गर्व आहे, नवऱ्याला ताट वाजवून बोलावते. म्हणोत. कापड ओवल्यावर आवाज येत नाही. पण आला असता, हे कळतं.

पोळ्याच्या दिवशी मी बाराही तारा उतरवते आणि गोटमार झाली की तिसऱ्या दिवशी चढवते. ते तू करू नको. ते माझं आहे.

६. गिटारीच्या आवाजाचा बॉक्स सौंसरच्या महिला भजन मंडळाला. त्यांच्यासोबत मी नऊ वर्षं शनिवारी जामसांवलीच्या देवळात वाजवलं. पहिल्या शनिवारी मंडळाच्या करुणाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मारुतीसमोर हे लाईटवालं? देव घाबरून जाईल ना!" मी म्हटलं, "त्यानं लंका जाळली ताई. तो नाही घाबरत." बॉक्स नेताना करुणाताईंनी सगळ्यांसमोर एकदा म्हणावं, उर्मिला चांगली वाजवायची. नाही म्हटलं तर बॉक्स भंगारात द्यावा.

७. आता हिमानीलाच का, ते.

आमच्याकडच्या माणसाला गोटमार सांगायला नको, पण हा कागद बाहेरचं कोणी वाचेल म्हणून लिहिते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि या काठावरून पांढुर्णा, त्या काठावरून सावरगाव एकमेकांना दगड मारतात. माझं माहेर त्या काठाला, सासर या काठाला. २००३ साली योगेशनं मला शब्द दिला होता की तो खेळणार नाही. बोटांवर त्याचं पोट होतं, आणि संध्याकाळी सौंसरला कार्यक्रम होता.

दुपारी मी काठावर गेले. बाया तिथं जात नाहीत, गच्चीवरून पाहतात. घरी मी शेजारी चालले म्हणून सांगितलं होतं. गुणवंता भाऊजी खेळून दमून मागे आले होते, त्यांना मी पाण्याची बाटली दिली. ते माझ्या बाजूला उभे राहून पाणी पिऊन राहिले होते, तेवढ्यात मला पलीकडे पाण्यात योगेश दिसला, दगड उचलताना. मी सगळा जीव लावून ओरडले, "योग्या, बोटं! बोटं सांभाळ!" एवढ्या कल्ल्यात त्याला ऐकू गेलं. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, पंजा वर करून पाचही बोटं दाखवली. आणि दगड त्याच्या कानशिलावर बसला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

सावरगावात कोणी तरी म्हटलं, असा नेम गुणवंताचाच. भाऊजींचा नेम दोन्ही काठांवर माहीत होता. बाबांनी ते धरलं. माझे पती हेमंत यांनीही धरलं आणि सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. चार वर्षांमागे ते वारले, तोवर बोलले नाहीत. भाऊजी एवढंच म्हणत राहिले, "मी नव्हतो." ते कुठं होते हे मला माहीत होतं. माझ्या बाजूला होते, हातात दगड नव्हता, बाटली होती. पण हे सांगायचं तर मी तिथं काय करत होते तेही सांगावं लागलं असतं. मी सांगितलं नाही. आधी म्हटलं उद्या सांगू. मग म्हटलं तेरवीनंतर. मग आई गेली.

म्हणून लिहून देते. दगड गुणवंता कळंबे यांचा नव्हता. कोणाचा होता मला माहीत नाही. हाक माझी होती. मी मेल्यावर हे कलम सावरगावला बाबांसमोर वाचावं.

८. वरचं लिहून झाल्यावर हे वाढवत आहे.

साक्षीदार म्हणून मी भाऊजींनाच बोलावलं. वकील म्हणाले, ज्या घरी वस्तू जाते त्या घरचा साक्षीदार घेऊ नका. मी घेतला. भाऊजी बावीस वर्षांनी आमच्या घरात आले. खुर्ची दिली, बसले नाहीत. उभ्यानं वाचलं. सातवं कलम दोनदा वाचलं.

मी म्हटलं, "काही बोला."

"काय बोलू वहिनी? हे मले माहीत आहे. बाजूलेच तं होतो मी."

"मग कोणाला सांगितलं का नाही?"

"तुमी सांगान म्हणून वाट पाहून राहिलो होतो."

मी पेन पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, "मेल्यावर वाचाचं कायले? बुढा ब्याऐंशीचा झाला. तो थांबते का तुमच्यासाठी? आधी त्याले सांगा. मंग करतो सही."

मी म्हटलं, माझं ऑपरेशन आहे, मला दगदग चालत नाही. ते म्हणाले, "पूलच ओलांडाचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सावरगावला गेलो. भाऊजी उंबऱ्याबाहेर थांबले. बाबा खाटेवर बसून लसूण सोलत होते. मी खाली बसून सातवं कलम वाचलं. मध्ये थांबले नाही. थांबले असते तर उठून आले असते. बाबांच्या हातातला लसूण तसाच राहिला. ते दाराकडे पाहून म्हणाले, "गुणवंता, अंदर ये. उन्हात कायले उभा आहे?" भाऊजी आत आले. बाबांनी सरकून खाटेवर जागा केली.

मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "तुह्याकडे वळून पाहिलं तवा तोंड कसं होतं त्याचं?"

मी म्हटलं, "हसून राहिला होता, बाबा."

"खरं?"

"खरं."

त्यांनी अंगठा पुढं केला. मी शाई लावली. मी त्यांचा हात धरून कागदावर टेकवला. टेकवेपर्यंत त्यांनी तो माझ्या हातात राहू दिला, मग काढून घेतला.

हे दोघं पाहत असताना मी सही केली आणि मी पाहत असताना त्यांनी केली.

लिहिणार: उर्मिला हेमंत कळंबे (सही)

साक्षीदार पहिला: गुणवंता कळंबे, माझे दीर, राहणार पांढुर्णा (सही)

साक्षीदार दुसरा: कवडू बोडखे, योगेशचे व माझे वडील, राहणार सावरगाव (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: सावरगाव, बाबांचं घर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५