मॅग्नेटारच्या पाठोपाठच्या स्फोटांच्या नोंदी पुसण्यास हरकत

प्रति,
मा. संचालक,
शिरासावा रेडिओ वेधशाळा, नागानो.

विषय : मॅग्नेटार (अतिचुंबकीय) ताऱ्याच्या मूळ नोंदी शुक्रवारी पुसू नयेत याबाबत.
संदर्भ : आपले परिपत्रक, दि. ३ जून.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय, पण स्पष्टपणे कळविते की,

१. डिस्क भरल्या म्हणून मूळ नोंदी पुसून केवळ 'स्वच्छ' यादी ठेवण्याचे आपण ठरविले आहे. ती यादी करणारी प्रणाली, एका रेडिओ स्फोटाला चिकटून आलेला दुसरा स्फोट पहिल्याचीच दुबार नोंद समजून गाळते. गाळलेले स्फोट मी तपासले. त्यांची तीव्रता वेगळी, वारंवारता वेगळी. मी मूळची कुमामोतोची. भूकंपाच्या मोठ्या धक्क्यामागून लगेच धक्के बसत राहतात आणि मग विरळ होत जातात, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. हा तारा नेमका तसाच वागतो आहे. त्याचे कवच तडकत असावे, असा माझा अंदाज आहे. तो खरा की खोटा, हे त्या गाळलेल्या स्फोटांवरूनच ठरेल.

२. सोमवारच्या बैठकीत उपसंचालक ओगासावारा-सान म्हणाले, "कियोता-सान, एकाच पाहुण्याला दोनदा चहा दिला म्हणून पाहुणे दोन होत नाहीत!" सगळे हसले. मी म्हटले, "मागे त्याची बायको उभी आहे, आणि तुम्ही तिच्या तोंडावर दार लावताय!" मग कोणी हसले नाही. इतिवृत्तात त्यांचा विनोद आला आहे, माझे उत्तर नाही.

भूकंपाच्या यादीतून असे धक्के कोणी गाळले, तर या देशात त्याला घरी बसवतील. इथे त्यालाच नीटनेटकेपणा म्हणतात. याचा मला संताप येतो, आणि तो मी लपवीत नाही.

३. पुसण्याचा आदेश काल सहीच्या शिक्क्यासाठी माझ्या टेबलावर आला. त्यावर सर्वांचे शिक्के, रीतीप्रमाणे, आपल्या, म्हणजे संचालकांच्या, शिक्क्याकडे किंचित कलते, वाकून नमस्कार केल्यासारखे उमटले आहेत. माझ्या शिक्क्यावाचून तो पुढे सरकत नाही. ओगासावारा-सान यांचा निरोप आला, "आटपा बाई, सगळे तुमच्यापायी खोळंबलेत." खोळंबू द्यात. माझी बदली करणे आपल्या अधिकारात आहे. मात्र कारण लेखी द्यावे.

सबब, मूळ नोंदी राखाव्यात.

पदाने आपली नम्र,
चिनात्सु कियोता
संशोधन सहायक
दि. ११ जून, रेइवा सहावे वर्ष (२०२४)

सोबत : सदर आदेश, माझ्या शिक्क्याविना.

ता.क. या अर्जावरील माझा शिक्का सरळ उमटला आहे. तो चुकून नव्हे.