तुंगेच्या पिल्लांचा भाव

कुंभकोणम्,
शुक्रवार

तीर्थस्वरूप वेदवतीअक्काच्या पायांशी धाकट्या जानकीरामाचा नमस्कार. तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि तुझी सूनबाई, तिघांनाही पुण्याची हवा मानवत असेल अशी आशा आहे. चिरंजीव कृष्णकुमारला आशीर्वाद. (त्याच्या फोनवर आपण बोलतो ते काही बोलणं नव्हे. तू "बरा आहेस ना?" विचारतेस, मी "बरा" म्हणतो, आणि तो फोन काढून घेतो. म्हणून हे पत्र.) इकडे सर्व क्षेम आहे. दोन वेळा कॉफी घेतो, एकदा जेवतो, अरसलार नदीच्या काठाने फिरून येतो. काळजीचं कारण नाही.

लिहिण्यास कारण आमची तुंगा. तुझी भावजय सुब्बलक्ष्मी गेल्यावर लक्ष्मीप्रियेने मेलबर्नमध्ये बसून माझ्यासाठी राजपाळयम जातीची पांढरीशुभ्र कुत्री पाठवण्याची व्यवस्था केली. (मुलगी परदेशात असली की बापाची सोबतसुद्धा मोबाइलवर मागवता येते.) तुंगा आली आणि मी घरात पुन्हा मराठीत बोलू लागलो. आपल्या गल्लीत आता आपली भाषा बोलणारं दुसरं कोणी उरलं नाही. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी तमिळ. तुंगेला मात्र "ये गे इकडे", "बैस", "नोको" एवढंच कळतं, आणि ते ऐकून ती शेपटी हलवते. कित्येक दिवस या घरात माझ्या बोलण्यावर हललेली तेवढी एकच वस्तू.

जनावरांच्या दवाखान्यातला बाला मला म्हणाला, की असल्या जातीच्या कुत्रीला एका वेताला आठ पिल्लं होतात आणि एकेक पिल्लू पंधरा हजारांना जातं. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक लाख वीस हजार उभे राहिले. खर्च म्हणजे नराच्या मालकाला आठ हजार, किंवा पैशांऐवजी तो वेतातलं पहिलं पिल्लू आपल्या पसंतीने उचलतो. शिवाय दूध, टोचण्या आणि अंडी. (होय, अंडी. विहिरीमागे विटा मांडून, वेगळ्या भांड्यात उकडतो आणि मग स्नान करतो. आपल्या पूर्वजांनी तंजावरात राज्य पाहिलं, पण हे पाहिलं नसणार.)

चोळपुरमच्या रविशंकरकडे चिन्नराजा नावाचा नर आहे. त्याचं नाव मोठं आहे. रविशंकर म्हणाला, कुत्रीला आमच्याकडे आणा. इथे माझं डोकं फिरलं. आपल्या सात पिढ्यांत मुलीला घेऊन मुलाच्या दारात कोणी गेलं नाही. मुलाकडचे येतात, सोज्जी-बज्जी, म्हणजे शिरा-भजी, खातात आणि मग बोलणी होतात. मी तसं निक्षून सांगितलं. तो बिचारा हसला नाही. म्हणाला, मामा, नर परक्या घरात बुजतो, आणि काही झालं नाही तरी त्याला बाहेर काढल्याचे आठ हजार घेणार. मी म्हटलं, घे, पण घरच्या सगळ्यांना घेऊन ये.

तर रविवारी ते छोट्या टेम्पोतून आले. रविशंकर, त्याची बायको, सासू, मेहुणा आणि चिन्नराजा. मी सढळ तूप घालून रव्याची केसरी केली होती, वांग्याची भजी तळली होती, तुंगेच्या गळ्यात मोगऱ्याचा गजरा घातला होता. (तिने तो खाल्ला.) नवरदेव आत आला, त्याने चहूकडे हुंगलं आणि जो झोपाळ्याखाली शिरला तो बाहेर येईना. तुंगेने जाऊन त्याच्यावर दात विचकले. मग त्याने थरथरत तिथेच ओलं केलं. रविशंकरच्या सासूने तिसऱ्यांदा केसरी मागून घेतली आणि मला सुब्बलक्ष्मीबद्दल विचारलं. ती कशी होती, काय रांधायची, कशाने गेली. असं मला कोणी विचारलंच नव्हतं. ते लोक संध्याकाळपर्यंत बसले. आठ हजार पाण्यात गेले, पण अक्का, खोटं कशाला सांगू, मला त्याचं काही वाटलं नाही. टेम्पो वळला तेव्हा वाटलं.

पुढे मुकाट्याने मुलीला घेऊन चोळपुरमला गेलो. तिथे मी पायातल्या चपला काढून ओसरीवर बसेपर्यंत सगळं आटोपलं होतं. या खेपेला रविशंकरने पैसे घेतले नाहीत, पहिल्या पिल्लावर हक्क सांगितला.

आठांच्या जागी तीन झाली. त्यातलं सर्वांत गुबगुबीत रविशंकर घेऊन गेला. उरल्या दोन माद्या. पंधरा हजारांचा भाव कागदपत्रं असलेल्या पिल्लांना असतो, हे बालाने तेव्हा सांगितलं. बिनकागदाला सहा मिळाले तरी पुष्कळ.

मी भाव वीस हजार ठेवला. लोक येत, ऐकून हबकत, पण भाव पाडायचा म्हणजे बसावं लागतं, आणि बसलं की मी कॉफी ठेवतो. पट्टीश्वरमची श्रीदेवी नावाची शिक्षिका तर येतच राहिली. ती सहावरून आठ झाली, मी वीसवरून अठरा झालो. ती दहाला आली तेव्हा मला धसका बसला, आता सौदा खरंच जमतो की काय. मी परत वीस म्हटलं. तिने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "मामा, तुम्हाला पिल्लू विकायचं नाही. तुम्हाला गिऱ्हाईक पाहिजे."

मी आत जाऊन पिल्लू आणलं आणि सहा हजारांत तिला दिलं. घरात एवढं खरं बोलणाऱ्या बाईकडून जास्त घेणं बरं दिसलं नसतं. तेव्हापासून तुंगा दारामागे हुंगत फिरते. मी तिला समजावतो. मलाही ते पटत नाही.

असो. पुण्यात सर्वांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे नमस्कार-आशीर्वाद वाटून दे. माझी काळजी करू नकोस, आणि या उन्हात इकडे येण्याचं तर मनातही आणू नकोस.

तुझा,
जानकीराम

ता. क. उरलेलं पिल्लू तुझ्यासाठी ठेवलं आहे. तुला कुत्र्यांची भीती वाटते हे ठाऊक आहे, पण हे अजून लहान आहे आणि त्याला आपलं मराठी कळतं. या धंद्यात घेणाऱ्याने स्वतः येऊन पाहून न्यायचं असतं, पार्सल करता येत नाही. कृष्णकुमारला सांग, रीतच तशी आहे. महिनाभर राहिलीस तर पिल्लू ओळखीचं होईल.

आणखी एक. पाकीट चिकटवायला घेतलं आणि श्रीदेवी आली. तिच्याकडचं पिल्लू दूध पीत नाही, दारात बसून राहतं. दोघी एका गावात वाढतील, दुसरंही द्या, म्हणाली. भाव करायलाही ती बसली नाही. मी पिल्लू तिच्या ओटीत घातलं. तेव्हा अक्का, वरचं सगळं रद्द. तुला बोलवायला माझ्याकडे आता पिल्लूही नाही. तू ये.